‘झुळूक’ क्रमांक तीन कोणाची

मी, विद्याधर शांताराम कर्णिक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार मुलुंड (पूर्व), माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे या कागदावर स्वतःच्या हाताने, सकाळच्या उजेडात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे आमच्या डॉक्टर माणिक फणसे यांनी तपासून लेखी दिले आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि काहीतरी पाठ असलेले म्हणा असे सांगितले. मी पाचवीतली कविता सुरू केली. चौथ्या कडव्यावर त्या म्हणाल्या, “पुरे काका, बाहेर पेशंट आहेत.”

हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब होता, तो माझ्या मुलाचा होता, आणि तो कलम सहामध्ये नोंदवला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कारण आळस, दुसरे काही नाही.

कलम १. माझी पत्नी नीला सहा वर्षांपूर्वी गेली. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा केयूर, जो माझ्याजवळ राहतो, आणि मुलगी शर्मिष्ठा, जी बोरिवलीला राहते आणि दर रविवारी फोनवर मला “जेवलात का” असे विचारून उत्तर येण्याआधी स्वतःच “जेवा हं” म्हणते. दोघेही चांगले आहेत. नातू अनय हा केयूरचा मुलगा.

कलम २. राहती जागा दोघांना निम्मी-निम्मी. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, तेव्हा कोणाला कुठल्या भिंती मिळतील त्या मिळोत, मला आता त्या कामाच्या सभा सोसवत नाहीत. नव्या इमारतीत गाड्या यंत्राने उचलून एकावर एक ठेवणार आहेत म्हणे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला तीन वेळा लेखी कळवले की, आवारातले “ताडपत्रीखालचे भंगार” हलवावे. त्या तीनही नोटिसा मी जपून ठेवल्या आहेत. माझ्या पश्चात त्या त्यांना परत कराव्यात. भंगार हा शब्द तेवढा लाल शाईने अधोरेखित केला आहे.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझे औषधपाणी भागवून उरलेले दोघांनी वाटून घ्यावे. भांडण्याइतके ते नाही.

कलम ४. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी शर्मिष्ठाला. विक्रोळीच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षे लोखंडी कपाटांची ड्रॉइंग काढली. बंद होणारी दारे, कुलपे, कप्पे. एक पत्रा दुसऱ्या पत्र्यावर असा बसला पाहिजे की मधून मुंगी जाऊ नये. काम चोख होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बत्तीस वर्षे पेट्या काढणाऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल याचा विचार कोणी केला नाही. माझ्या मनात उघड्या गाड्या येत.

याला कारण आमच्या प्रेमाबाई. अंधेरीच्या शाळेत त्या आम्हाला कविता शिकवत. कविता म्हणायच्या वेळी त्या सगळ्या खिडक्या उघडायला लावत आणि म्हणत, “पुस्तकाकडे काय बघता रे, वर बघा. कविता वर असते.” मी वर बघे. वर कौलांमधली एक काच होती, आणि काचेपलीकडे ढग सरकत असे. त्या वयापासून मला वाटत आले की जे काही सुंदर आहे त्याच्या आणि माझ्या मध्ये फक्त एक छप्पर आहे. हा समज पुढे मला महागात पडला, आणि माझ्यापेक्षा दुसऱ्या एकाला जास्त.

कलम ५. उघड्या गाड्यांच्या कात्रणांच्या अकरा फायली नातू अनय याला. तो मला मोबाइलवर नव्या गाड्या दाखवतो, म्हणून वारस तोच.

अनय, या फायली चाळताना एक लक्षात ठेव. सगळ्या कंपन्या तेच विकतात, आभाळ. पण प्रत्येकीची रीत निराळी. एक घराणे आपली नावाजलेली बंद गाडी घेते, तिचे छप्पर उतरवते, पुढची काचही काढून टाकते, मोजून काही शे बनवते आणि जुन्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवते. विकत घ्यायला पैसे असून चालत नाही, बोलावणे यावे लागते. म्हणजे ती वस्तू राहत नाही, लग्नातली पहिली पंगत होते. दुसरे घराणे म्हणते, काच नको तर नको, पण वारा माणसाच्या डोक्यावरून गेला पाहिजे. म्हणून ते नाकाशी वारा आत घेऊन असा वर फेकतात की आत बसलेल्याचे केस हलतात पण डोळे मिटत नाहीत. तिसरे घराणे दोन्ही दगडांवर पाय ठेवते. बटण दाबले की टणक छप्पर घडी होऊन मागे जाते, ढग आले की परत येते. मला ही गाडी आवडत नाही. शहाण्या माणसाची आहे.

आणि सर्वांत हुशार ते, जे छपराचा विचार सर्वांत शेवटी करतात. ते आधी माणसे बसतात ती खालची कोठी विणतात, काळ्या कार्बनच्या धाग्यांची, एकसंध. ती एवढी ताठ असते की वरचे छप्पर काढा नाहीतर ठेवा, तिला पत्ता नसतो.

आमच्या अंधेरी-घाटकोपर पट्ट्यातही चाळीस वर्षांपूर्वी हीच घराणी होती. घाटकोपरचा भाऊराव तावडे वरातीसाठी आणि शूटिंगसाठी जुन्या गाड्यांची छपरे कापून देई. त्याची रीत सोपी. दारेच वेल्ड करून बंद. नवरदेव टांग टाकून आत. मी त्याला हसलो तर म्हणाला, “कर्णिक, जे दार उघडतच नाय ते अडकणार कसं?” मी त्याला वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्रात ‘पत्रेकापू’ म्हटले होते. तो शब्द मी मागे घेतो. भाऊराव आता नाही, पण त्याच्या गाडीत कोणी अडकले नाही.

या फायलींमधल्या बहुतेक गाड्या, अनय, कधी उन्हात आल्याच नाहीत. किंमत वाढावी म्हणून त्या तळघरात, चादरीखाली उभ्या आहेत. ज्या गाडीला छप्पर नाही ती जन्मभर छपराखाली. मी हसलो असतो, पण खाली आवारात माझीही तशीच उभी आहे.

कलम ६. ‘झुळूक’ क्रमांक तीन, उर्फ ‘ज्येष्ठ’.

हे कलम लांब होईल. वकील अस्मिता म्हणाली, “काका, मृत्युपत्रात कारणं द्यावी लागत नाहीत.” मी तिला म्हटले, बाळ, मला द्यायची आहेत.

विक्रोळीच्या कारखान्यात पत्राखात्यात धोंडिराम भिवाजी साळवे म्हणून एक कारागीर होता. मूळचा जालन्याकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करी आणि तो मला साहेब म्हणे. तेव्हा ते कोणाला खटकत नसे, म्हणजे मला खटकत नसे. हातोडीने तो पत्र्याला असे वळण देई की माझ्या पेन्सिलीला लाज वाटावी. नोकरी सोडून तो डेंटर झाला, म्हणजे मोटारींचा पत्रा ठोकणारा; त्याने मरोळला स्वतःची शेड टाकली, आणि मी रविवारी तिथे जाऊ लागलो.

आम्ही ठरवले की जुन्या फियाट घेऊन उघड्या, देखण्या गाड्या बनवायच्या. नाव ‘झुळूक’. फक्त बारा. तेरावी कोणी सोन्याने मढवून मागितली तरी नाही. प्रत्येकीला एका मराठी महिन्याचे नाव. धोंडिराम म्हणाला, “साहेब, आषाढाची कोण घेणार? बेडूक बसतील तिच्यात.” मी म्हटले, ती आपण सर्वांत शेवटी विकू. जाहिरातीच्या पत्रकासाठी मी दोन ओळी रचल्या:

वर आभाळ नि खाली वाट, मधे आपण दोघे;
छप्पर ज्याने काढून टाकले, त्याला जगणे सोपे.

धोंडिरामने त्या वाचल्या आणि म्हणाला, “छप्पर मी काढणार, आणि जगणं तुमचं सोपं.” आम्ही दोघे खूप हसलो. गाडीच्या पुढच्या फळीवर पितळी पाटी बसवली. तिच्यावर ‘कर्णिक’ आणि क्रमांक. त्याचे नाव घालायचे मला सुचले नाही. त्याने मागितले नाही. मागावे लागणे हेच चूक होते, हे मला सुचायला चाळीस वर्षे लागली.

आता चूक. गाडीचे छप्पर नुसते सावलीसाठी नसते, ते पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना बांधून धरते. ते कापले की सगळा भार दाराखालच्या काठावर येतो. म्हणून कापण्याआधी धोंडिराम दारांच्या चौकटीत तिरके पाइप वेल्ड करी, आणि काठाच्या आत दुसरा जाड पत्रा घालून त्याची पेटी बनवी. मगच करवत. पहिली गाडी ‘चैत्र’ त्याने अशीच केली. वर्सोव्याच्या एका डॉक्टरांनी ती घेतली आणि बारा वर्षे वापरली.

‘वैशाख’च्या वेळी मी ड्रॉइंग बदलले. काठ दोन इंच खाली घेतला. साडी नेसलेल्या बाईला सहज पाय टाकता यावा, आणि बाजूने पाहिल्यावर एकच रेघ नाकापासून शेपटीपर्यंत वाहत जावी म्हणून. त्या रेघेपायी आतली पेटी मावेना. मी ती काढून टाकली.

धोंडिराम कागद बघून म्हणाला, “साहेब, ह्या काठावर आता छपराचं ओझं येणार. ह्यालाच बारीक करताय?”

“अरे, रेघ बघ ना ती. कविता आहे.”

“कविता आहे, पण तिच्यावर माणसं बसणार आहेत.”

“तू ड्रॉइंगप्रमाणे कर. जबाबदारी माझी.”

हे शेवटचे दोन शब्द मी म्हटले होते. ते इथे नोंदवले जावेत.

मे १९८६, रविवार, मरोळच्या शेडपुढचे आवार. गिऱ्हाईक अंधेरीचे एक बांधकामवाले होते. त्यांचे नाव लिहीत नाही. सोबत त्यांची म्हातारी आई, बायको, फोटो काढणारा, वीस-पंचवीस माणसे. नीला होती, आठ वर्षांचा केयूर होता. रिकामी गाडी अशी दिसत होती की मला प्रेमाबाई आठवल्या. मग चौघे आत बसले. आवारातला एक खड्डा ओलांडताना गाडी मधोमध वाकून खाली बसली. आवाज फार झाला नाही, कपाटाचे दार लागावे तेवढाच. दोन्ही दारे चौकटीत रुतली. म्हातारीला वरून उचलून काढावे लागले, तिची साडी फाटली, आणि कोणीतरी हसले.

बांधकामवाले माझ्यावर धावून आले. “हे काय आहे?”

मी म्हणालो, “डेंटरने ड्रॉइंग पाळलं नाही.”

चार शब्द. धोंडिराम माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ते गृहस्थ त्याच्याकडे वळून म्हणाले, “असल्या लोकांच्या हातात हत्यार देता कशाला?” ‘असल्या’ म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळले. मलाही कळले. मी पाटीकडे बघत राहिलो.

तिसऱ्या गाडीचा शब्द दिला होता म्हणून धोंडिरामने ती पुरी केली. माझे ड्रॉइंग घडी करून बाजूला ठेवले आणि स्वतःच्या हिशेबाने काठ बांधला. पाच महिने तो माझ्याशी फक्त मापांबद्दल बोलला. शेवटी किल्ली हातात देऊन म्हणाला, “ही तुम्हीच ठेवा, साहेब. हिची दारं उघडतात.” त्यानंतर आम्ही भेटलो नाही. बाराचे तीन झाले, आणि मला सगळीकडे सांगायला गोष्ट मिळाली की डेंटरने माझे स्वप्न बुडवले. मी ती इतकी वेळा सांगितली की माझीही पाठ झाली.

आता दाब. या जूनमध्ये जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ पत्ता काढत आले. भारतात घडलेल्या अशा मोजक्या गाड्यांना आता मोठा भाव आहे, म्हणाले. अट एवढीच की “या गाडीची कल्पना, रचना आणि बांधणी सर्वस्वी माझी” असे मी लिहून द्यावे. केयूरने कागद टाइप करून आणला.

“बाबा, इथे सही. जागा रिकामी होईल, गाडीही चांगल्या घरी जाईल.”

“बांधणी माझी नाही.”

“अहो, त्या साळवेचीच ना? त्यानेच तर दुसरीची वाट लावली होती. मी होतो की तिथे.”

माझ्या मुलाने गाडी बसताना पाहिली, पण चूक साळवेची ही गोष्ट त्याने माझ्या तोंडून ऐकली आहे. तरी तो ती पाहिल्यासारखी सांगतो. मी मेल्यावर तो ती अनयला सांगेल. मी पेन खाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी रिक्षाने घाटकोपरला गेलो.

दार धोंडिरामच्या पत्नीने, लताबाईंनी उघडले. ओळखले. आत वळून म्हणाल्या, “अहो, कविता आलीय.”

धोंडिराम खाटेवर बसून वाटाणे सोलत होता. गुडघे गेले आहेत, हात तसेच आहेत. मी उभ्यानेच म्हटले की मी खोटे बोललो होतो. तो म्हणाला, “मला माहितीये की. मी तिथंच होतो.” मग म्हणाला, “बसा. वाटाणे सोला.”

त्याची नात दीप्ती पवईला मेकॅनिकल शिकते. वातावरण सैल करावे म्हणून मी तिला माझ्या कात्रणांतल्या गाड्यांबद्दल विचारले. ती उत्साहाने सांगू लागली, “आजोबा, हल्ली ते खालची कोठी, म्हणजे टबच, एवढी कडक बनवतात ना, की छप्पर काढलं तरी वरून जास्तीचं काही लावावं लागत नाही. सगळी ताकद काठात असते.”

धोंडिरामने शेंग खाली ठेवली. “लता, ऐकलं का? एवढे शिकलेले गोरे लोक, आणि मरोळला येऊन विचारलं असतं तर मी चहावर सांगितलं असतं.” मग माझ्याकडे बघून, “काहींना न विचारतापण सांगितलं होतं.”

तर मी जाहीर करतो की, ‘झुळूक’ या तीनही गाड्यांची बांधणी श्री. धोंडिराम भिवाजी साळवे यांची आहे. ‘वैशाख’ बसली ती माझ्या ड्रॉइंगमुळे, त्यांनी बजावूनही. डेंटरने ड्रॉइंग पाळले नाही हे वाक्य खोटे होते. उलट त्याने ते पाळले, हीच अडचण झाली. केयूर, तू तिथे होतास, पण आठ वर्षांचा होतास. हे वाच आणि अनयला हेच सांग.

गाडी क्रमांक तीन मी श्री. धोंडिराम साळवे यांना देत आहे. केयूरने हरकत घेऊ नये. तो घेईल असे मला वाटत नाही, फक्त दोन दिवस बोलणार नाही.

कलम ७. माझ्यामागे दिवसकार्य करायचे असेल त्यांनी करावे. मला विचाराल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. थकलो आहे, याहून जास्त सूचना सुचत नाहीत.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी मुलगी शर्मिष्ठा हिच्याकडे सोपवतो. ती यादी करते आणि यादीप्रमाणे वागते.

कलम ९. हे कलम सहीच्या वेळी, सर्वांसमोर लिहिले आहे.

आज मी श्री. साळवे यांना दीप्तीसह घरी बोलावून वरचा मजकूर वाचून दाखवला. डॉक्टर फणसे आणि अस्मिता टेबलाशी होत्या, केयूर खिडकीशी पाठमोरा उभा होता. मग अस्मिताने विचारले, “साक्षीदार कोण? दोन हवेत. डॉक्टर एक झाल्या.”

श्री. साळवे म्हणाले, “दुसरा मी.”

अस्मिता म्हणाली, “काका, तुम्हाला गाडी मिळतेय. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी शंका काढली तर नसता घोळ.”

“मग गाडी नको.”

मी म्हटले, “अहो धोंडिराम, ऐका तरी.”

“काय ऐकू? माझ्या चौथ्या मजल्यावरच्या घरात नेऊन ठेवू का गाडी? आणि गुडघे बघा माझे, आत बसलो तर तुम्हाला मला वरून काढावं लागेल.” दीप्ती हसली. केयूरचेही खांदे हलले. “ती पोरीला द्या. तिला कापायची तर कापू दे, बॅटरी घालायची तर घालू दे. मला सही पाहिजे.”

अस्मिताने समजावले, “पण काका, साक्षीदार आतल्या मजकुराचा नसतो. साक्षीदाराने फक्त एवढंच सांगायचं असतं की, ह्यांनी माझ्यासमोर सही केली.”

“बाई, मला तेवढंच सांगायचंय.”

केयूरने खिडकीपासची खुर्ची उचलून टेबलाशी आणली आणि म्हणाला, “बसा, साळवेकाका.”

म्हणून कलम सहामधले गाडीचे दान बदलून ती मी कुमारी दीप्ती हिला कोणत्याही अटीविना देत आहे. पितळी पाटीचे काय करायचे ते तिने ठरवावे. कलम सहामधला बाकी एकही शब्द बदललेला नाही.

हे सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते खरे आहे.

मृत्युपत्र करणार: विद्याधर शांताराम कर्णिक (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली, आणि नंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. माणिक फणसे, मुलुंड (पूर्व). धंदा: वैद्यकीय. (सही)

साक्षीदार २: धोंडिराम भिवाजी साळवे, घाटकोपर (पूर्व). धंदा: मोटारी बांधणे. (सही)

स्थळ: मुलुंड, मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार